लॉजचं गरम पाणी: सोलर पावसाळ्यात बंद पडतं, गॅस परवडेना. हीट पंप लावलेलं कोणी आहे का?

बसस्टँड_लॉजवाला (बेळगाव)

नमस्कार मंडळी. बसस्टँडजवळ आमचं वीस खोल्यांचं लॉज आहे. छतावर सोलर आहे. मार्च ते मे पाणी इतकं कडक येतं की गिऱ्हाईक ओरडतं. मिरग लागला की खेळ खलास. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही. मग गॅसचा बॉयलर. दिवाळीपर्यंत सिलिंडर ओढता ओढता पोरं वैतागतात. शिवाय पहाटेच्या गाडीनं उतरलेला माणूस खोलीत शिरल्या शिरल्या आंघोळीला पाणी मागतोय. थंडीत तेवढ्याला रात्रीचं सोलरचं पाणी पुरत नाही.

परवा एकजण हीट पंपाचं कोटेशन देऊन गेला. साडेतीन लाख. म्हणाला, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, लाइट बिल ७५ टक्के कमी. आमचे वडील म्हणाले, हवेवर पाणी तापत असतं तर आम्ही जन्मभर बंब कशाला फुंकला?

खरं काय ते सांगा. लॉज, हॉटेल, हॉस्टेल कुठंही लावलेलं असेल तर अनुभव लिहा.

उद्यमबाग_फिटर

वडिलांना सांगा, फ्रिजच्या मागं हात लावून बघा. आतली उष्णता ओढून मागं टाकलेली असते. हीट पंप तेच यंत्र, फक्त उलट बाजूनं वापरलेलं: बाहेरच्या हवेतली उष्णता यंत्रात फिरणाऱ्या गॅसनं (सिलिंडरचा नव्हे, फ्रिजमधल्यासारखा) उचलायची, कॉम्प्रेसरनं दाब वाढवून ती तापवायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. वीज उष्णता तयार करायला लागत नाही, ती हलवायला लागते. म्हणून एक युनिट वीज खाऊन तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. याला सीओपी म्हणतात. जादू काही नाही.

आता हिशोब. १००० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं (म्हणजे २० वरून ५५ ला) तर साधारण ४१ युनिट उष्णता लागते (विजेच्या युनिटातच मोजलेली). हे गणित कुठल्याही कंपनीचं नाही, पाण्याचं आहे, बदलत नाही.

साध्या गिझरला त्यासाठी ४३ युनिट वीज जाईल. ८ रुपये धरले तर ३४५ रुपये.
गॅसला ८० टक्के कार्यक्षमतेनं ४ किलो. १९ किलोचा सिलिंडर १८०० ला धरला तर ३८० रुपये.
डिझेल बॉयलरला ५ लिटर. भाव तुम्हीच घाला.
हीट पंपाला, सीओपी ३.२ धरून, १३ युनिट. १०० रुपयांच्या आसपास.

दर मी अंदाजानं घेतलेत. आपापल्या बिलावरचे घालून परत करा, पण प्रमाण फारसं हलणार नाही.

आणि त्या विक्रेत्याचं एक वाक्य तपासा. तुम्ही आता गॅस जाळताय. हीट पंप लावला तर तुमचं लाइट बिल कमी नाही होणार, वाढणार. कमी होणार तो गॅस. ७५ टक्के हा आकडा गिझरशी तुलना करून येतो, आणि तोही फक्त पाणी तापवायच्या विजेपुरता. अख्ख्या बिलावर नाही.

तांब्याचा_बंब (खानापूर)

फिटर साहेब, लाकडाचं गणित विसरलात की. आमच्याकडं रानातलं जळण आहे. जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात तीन-तीन दिवस लाइट नसते. तुमचा पंप काय हवा खाऊन चालणार? बंबात दोन लाकडं टाकली की झालं.

उद्यमबाग_फिटर

विसरलो नाही, बंबाचं गणित उघड करायला नको म्हणून गप्प होतो. बंबात जेमतेम पाव उष्णता पाण्याला लागते, बाकी धुराड्यातून जाते. १००० लिटरला ४० किलो लाकूड. विकतचं घेतलं, किलोला ६ रुपये धरले तरी २४० रुपये. घरच्या रानातलं असेल तर पैसे नाहीत, पण तोडणं, वाळवणं, पावसात झाकून ठेवणं आणि पहाटे चारला उठून पेटवणारा माणूस, याचा हिशोब कोण करतो? चार माणसांच्या घराला बंब ठीक आहे. वीस खोल्यांना नाही.

लाइटचा मुद्दा मात्र खरा. पंपाबरोबर चांगली पफ इन्शुलेशनची, म्हणजे फोमचं अस्तर असलेली टाकी घ्यायची. पाणी दुपारी तापवून ठेवलं तर रात्रभरात दोन-चार अंश उतरतं, जास्त नाही. बेळगाव शहरात एवढं पुरतं. कणकुंबीला नाही पुरणार, तिथं बंबच ठेवा.

तांब्याचा_बंब (खानापूर)

ठेवतोच आहे. 😄

पीजीवाली_ताई (टिळकवाडी)

दादा, मी लावलेला आहे. मुलींचं पीजी चालवते, साठेक मुली. आधी प्रत्येक बाथरूमला गिझर होते. सकाळी सहा ते आठ सगळे एकदम चालू, मेन स्विच पडायचा, आणि मंजूर भार वाढवून घेतल्यामुळं फिक्स चार्ज बारमाही बसायचा, मे महिन्यात मुली घरी गेल्या तरी. हे कोणी सांगत नाही. वीस गिझर दोन-दोन किलोवॉटचे म्हणजे ४० किलोवॉटचा भार. त्याच कामाचा हीट पंप तीन-साडेतीन किलोवॉटवर निभतो, कारण तो सकाळी एकदम नाही, दिवसभर हळूहळू तापवतो. माझा खरा फायदा तिथं झाला.

त्रास सांगते आता. बसवणाऱ्यानं मशीन जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं, पाऊस लागू नये म्हणून. त्याला वाटलं भलं केलं. मशीन गार हवा बाहेर टाकतं, ती हवा त्याच खोलीत कोंडते, तीच परत ओढतं. पाणी ४५ च्या वर जाईना. कंपनीला फोन केला तर 'पाणी जास्त वापरताय' म्हणे. शेवटी इथल्याच एका एसीवाल्या पोरानं बघितलं आणि पत्र्याची एक बाजू काढली. त्याच संध्याकाळी पाणी ५५ ला गेलं. मशीन उघड्यावरच ठेवायचं असतं, ते पावसासाठीच बनवलेलं असतं.

दुसरं, बोअरचं पाणी असेल तर क्षार. आत पांढरा थर बसतो आणि उष्णता पाण्याला लागेनाशी होते. आम्ही वर्षातून एकदा डिस्केलिंग करून घेतो, म्हणजे तो थर काढून घेतो.

तिसरं, आवाज. रात्री शेजारच्या आजोबांच्या खिडकीसमोर नको. माझी भांडणं मिटली तेव्हा टायमर दुपारवर आणला.

बसस्टँड_लॉजवाला

ताई, पावसाळ्यात कसं चालतं? तेच तर दुखणं आहे आमचं.

पीजीवाली_ताई (टिळकवाडी)

पावसाळ्यातच बरं चालतं की. मशीनच्या कॉइलवरून, म्हणजे हवेतली उष्णता ओढणाऱ्या नळ्यांवरून, सारखं पाणी टपकत असतं, खाली नळी काढून द्यावी लागते. थंडीत जानेवारीच्या पहाटे थोडं हळू पडतं.

उद्यमबाग_फिटर

ताईंचं बरोबर आहे. दमट हवेतली वाफ कॉइलवर गार पडून पाणी होते, तेव्हा तिची उष्णताही पदरात पडते. आपलं गाव साडेसातशे मीटरवर, थंडीत पहाटे १३-१४ अंश. या यंत्राला ते काहीच नाही. बर्फाच्या देशांतही हीट पंप चालतात.

पण छापील सीओपीवर जाऊ नका. कागदावरचा आकडा बहुधा २० अंशांच्या किंवा त्याहून गरम हवेला आणि ५५ च्या पाण्याला दिलेला असतो. विक्रेत्याला विचारा: हवा १५, पाणी ६० असताना किती? उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा. पाणी जितकं जास्त तापवाल तितका सीओपी पडतो.

रेफ्रिजरंटही, म्हणजे यंत्रात फिरणारा गॅस कुठला तेही विचारा. आर-३२, आर-४१०ए वाल्यांचं साधारण ५५-६० पर्यंत जमतं, आर-१३४ए थोडं वर जातं, प्रोपेन (आर-२९०) ७० च्या पुढं, कार्बन डायऑक्साइडवाली ९० पर्यंत, पण ती महाग. आर-२२ चं जुनं मशीन कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा. २०३० पर्यंत तो गॅस आपल्या देशातून जवळपास बाद व्हायचा आहे, पुढं भरायला मिळणार नाही.

वडगाव_रंगारी

आम्ही साडीच्या सुताची रंगणी करतो. खासबाग-वडगावात अजून बरीच भट्टी लाकडावर चालते. आम्हाला पाणी ८५-९० लागतं. हे मशीन आमच्या कामाचं दिसत नाही मग?

उद्यमबाग_फिटर

एकट्यानं नाही. पण पाणी २५ वरून ६० पर्यंत पंपानं नेलं तर ९० पर्यंतच्या चढणीतला निम्म्याहून जास्त भाग झाला. उरलेलं भट्टीवर. जळण निम्मं होतं. पण त्याआधी एक फुकटातलं काम: रंगून झाल्यावर जे गरम पाणी गटारात सोडता, त्याच्या वाटेत पाइपाचं वेटोळं टाकून येणारं गार पाणी त्यातून फिरवा. हा कुठला पंप नाही, लोहाराकडून करून मिळतं. आधी ते, मग मशीन.

आमच्या उद्यमबागेतही तीच कथा. फॉस्फेटिंगच्या (रंग द्यायच्या आधी लोखंड बुडवतात त्या) टाक्या ६० अंशांवर दिवसभर उघड्या वाफाळतात आणि मालक हीटरचे रॉड बदलत बसतो. उघड्या टाकीतली निम्मी उष्णता वाफेबरोबर छताकडं जाते. झाकण घाला किंवा वर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सोडा. आमच्या एका ओळखीच्या शेडमध्ये नुसत्या गोळ्या टाकून दोन रॉड बंद झाले. पंप त्यानंतर घेतला, तोही छोटा लागला.

चिकोडी_दूधसंकलन

आमच्या गावच्या संकलन केंद्रात ५०० लिटरचा बल्क कूलर आहे. कॅन आणि टाकी धुवायला गरम पाणी लागतं, ते गॅसवर. एका बाजूला दूध गार करायला वीज, दुसऱ्या बाजूला पाणी गरम करायला गॅस. हे वाचून डोकं फिरलं माझं. कूलरच्या मागं गरम हवा फेकतोच की आपण!

उद्यमबाग_फिटर

दादा, या धाग्यातला सगळ्यात फायद्याचा गिऱ्हाईक तुम्ही. ५०० लिटर दूध ३५ वरून ४ ला आणायचं म्हणजे १७ युनिट उष्णता काढायची, वर कॉम्प्रेसरची पाच-सहा. ही सगळी उष्णता आज कंडेन्सरच्या पंख्यानं अंगणात जाते. कूलरला हीट रिकव्हरीची टाकी जोडली आणि त्यातली निम्मी जरी धरली तरी पावणेतीनशे लिटर पाणी ३५ अंशांनी तापतं. वेगळा हीट पंप घ्यायचाच नाही, तुमचा कूलर हाच हीट पंप आहे. धुण्यासाठी ७० हवं असेल तर शेवटचे १५-२० अंश हीटरनं. मात्र जोडणी कूलरच्या वॉरंटीवाल्याला विचारूनच करा.

हॉटेलवाल्यांनीही हे लक्षात ठेवा. स्वयंपाकघराची गरम हवा हीट पंपाला दिली तर तो तिथं गारवा टाकतो. तेलकट वाफ कॉइलला बसू नये म्हणून जाळी लागते, ती दर महिन्याला धुवायची.

सौंदत्ती_पायथा

आमचंही लॉज आहे, यल्लम्माच्या डोंगराखाली. पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते, कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्याच गाड्या. मधल्या दिवसांत दोन खोल्या भरल्या तर नशीब. आम्हाला हे परवडेल?

पीजीवाली_ताई (टिळकवाडी)

मामा, रागावू नका, पण माझ्या मते नाही. हे मशीन रोज काम करून आपला पैसा फेडतं. महिन्यातले पंचवीस दिवस बंद आणि पौर्णिमेला एकदम पाच हजार लिटर, हे त्याला जमत नाही. ते हळू तापवतं. तेवढं साठवायला टाकीच केवढी लागेल!

उद्यमबाग_फिटर

सहमत. तुम्ही छोटा पंप मधल्या दिवसांसाठी आणि पौर्णिमेला आत्ताचंच जळण, असं करू शकता, पण मधल्या दिवसांचं पाणीच इतकं कमी आहे की फेड व्हायला फार वर्षं लागतील. मंगल कार्यालयवाल्यांनाही हेच. मागं एका कार्यालयाच्या मालकाला लग्नसराई बघून हजारो लिटरचं मशीन विकलेलं मी बघितलंय. आषाढात ते मशीन चिमण्यांना घरटं बांधायला झालं होतं.

नर्स_माई (निपाणी)

एक महत्त्वाचं. वीज वाचावी म्हणून कोणी टाकीचं तापमान ४५ वर ठेवू नका. लिजनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. टाकी ६० वर ठेवायची, आणि नळापाशी भाजू नये म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. दवाखान्याला तर हे अनिवार्य समजा. म्हातारी माणसं लॉजवरही उतरतात.

आणि लॉजवाल्यांना: खोलीत गॅस गिझर असतील तर आधी ते काढा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडनं माणसं जातात, वास येत नाही, कळत नाही. पैशाचं गणित नंतर.

बसस्टँड_लॉजवाला

गॅस बॉयलर खाली उघड्या शेडमध्ये आहे माई, खोल्यांत नाही. ६० चं लक्षात ठेवतो.

फिटर साहेबांनी मला फोनवर आधी पाण्याचं मीटर बसवायला लावलं. गरम लाइनीवर साधं मीटर, प्लंबरनं अर्ध्या दिवसात लावून दिलं. आकडे बघून आम्ही चाट पडलो. विक्रेत्यानं खोलीला १०० लिटर धरून २००० चं मशीन दिलेलं. साधारण दिवसाला आमचं ११०० ते १३०० जातंय. लग्नाचं वऱ्हाड उतरलं तर १९०० च्या घरात.

आणखी एक सापडलं. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी सोडावं लागतं. म्हणजे तेवढं तापवलेलं पाणी पाइपात उभं राहून गार होतंय, दर खोलीला, दर सकाळी. पाइपावर एक चिंधी नाही. आता ते काळं फोम गुंडाळायचं काम चालू आहे.

उद्यमबाग_फिटर

शाब्बास. आता फेडीचा हिशोब नीट करूया. १२०० लिटरला गॅस ४५० रुपये, पंप १२५. दिवसाला ३२५ वाचले. विक्रेत्यानं याला ३६५ नं गुणलं असणार, वर्षाला एक लाख अठरा हजार. पण तुमचं सोलर निम्म्या वर्षाला फुकट पाणी देतंच आहे! गॅस जळतो ते २०० दिवस धरा. ६५ हजार. साडेतीन लाखाचं मशीन फेडायला पाच वर्षांच्या वर.

म्हणून सोलर काढायचं नाही आणि मोठं मशीन घ्यायचं नाही. सहा किलोवॉट उष्णतेचा छोटा पंप घ्या, वीज दोन किलोवॉट खाईल. दहा तास चालला तर १४००-१५०० लिटर होतं. वऱ्हाडाच्या दिवशी तेरा-चौदा तास चालेल. टाकी तुमची आहेच, इन्शुलेशन ठीक असेल तर. दोन लाखांत बसलं तर तीनेक वर्षांत मोकळे.

टायमर असा लावा: दुपारी तीनपर्यंत पंप बंद, सूर्याला काम करू द्या. तीनला थर्मोस्टॅट बघेल, पाणी ६० ला असेल तर पंप लागणारच नाही. कमी असेल तर उरलेलं तो करेल, त्या वेळी हवाही गरम असते. सकाळी लावून ठेवलात तर पंप आधीच पाणी तापवून बसतो आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. सोलर असलेल्या दहातल्या आठ ठिकाणी हे उलटं चालू असतं. फक्त ढगाळ दिवसांत टायमर सकाळचा करा, नाहीतर दहा तास भरणार नाहीत.

चिकोडी_दूधसंकलन

विजेचा दर दिवसा कमी असतो म्हणतात ते खरं का?

उद्यमबाग_फिटर

केंद्रानं २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत वेळेनुसार दर घातलेत, १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी, ऊन असतं त्या तासांत दर कमी. तुमच्या हेस्कॉमच्या (आपल्याकडच्या वीज कंपनीच्या) बिलावर तो रकाना आहे का ते बघा. आणि कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो: कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचे २०० पर्यंतचे फुकट युनिट घरगुती मीटरला, लॉज-डेअरीला नाही.

बसस्टँड_लॉजवाला

छोट्या मशीनची दोन कोटेशनं मागवलीत. दोघांनाही हवा १५, पाणी ६० चा सीओपी विचारला. एकानं लगेच तक्ता पाठवला. दुसरा म्हणाला, "साहेब, त्याची काळजी तुम्ही करू नका."

आता जागा. छतावर मागच्या भिंतीला टेकवावं का? तिकडं शेजाऱ्याची खिडकी नाही.

पीजीवाली_ताई (टिळकवाडी)

टेकवू नका दादा, मागं हवा ओढायला दोन-अडीच फूट सोडा. खाली रबराचे पाय घाला, नाहीतर खालच्या खोलीत घरघर ऐकू येते. टपकणारं पाणी आत्ताच पन्हाळीला जोडा, नंतर स्लॅब ओला होऊन भिंतीला पोपडे येतात. आणि अर्थिंग वेगळं करून घ्या, गिझरच्या जुन्या अर्थिंगवर भागवू देऊ नका.

तांब्याचा_बंब (खानापूर)

आणि तक्ता पाठवला त्याच्याकडूनच घ्या.